खेळाच्या वाटेने ध्यानाकडे : रोमचे संत फिलिप नेरी

सोळाव्या शतकातील रोममध्ये दुपारचे जेवण आटोपले की शहर सुस्तावत असे. पेढ्या, कचेऱ्या आणि दुकानांतून मोकळे झालेले पुरुष संध्याकाळपर्यंत रिकामे असत. पत्ते, फासे, गुत्ते आणि चौकांतील भांडणे यांत त्यांचे हे तास सरत. या रिकामपणाचा व्यासपीठावरून निषेध करणारे धर्मोपदेशक पुष्कळ होते. फिलिप नेरी यांनी मात्र नेमके हेच तास आपल्या कामासाठी निवडले. प्रार्थनेला या, असे बोलावणे त्यांनी सुरुवातीला कोणालाही धाडले नाही. त्यांनी या पुरुषांना गप्पांसाठी आपल्या खोलीवर बोलावले, शहराबाहेर फिरायला नेले, त्यांच्याबरोबर ते चकत्यांचा खेळ खेळले. हेच पुरुष पुढे संध्याकाळी अर्धा तास डोळे मिटून मौन ध्यानाला बसू लागले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ लागले. एकदा बसणे कठीण नसते. रोज बसणे कठीण असते. फिलिप यांची सारी कल्पकता या दुसऱ्या गोष्टीसाठी खर्ची पडली.

त्यांचा जन्म २१ जुलै १५१५ रोजी फ्लोरेन्समध्ये झाला. वडील फ्रान्चेस्को नेरी हे लेखप्रमाणक होते. किमयेचा नाद असल्याने व्यवसायात त्यांचे फारसे बस्तान बसले नाही. आई लवकर गेली; सावत्र आईने मात्र मुलांना माया लावली. लहानपणी फिलिप यांना शेजारीपाजारी लाडाने भला पिप्पो म्हणत. सॅन मार्को येथील डॉमिनिकन मठात त्यांचे जाणेयेणे असे. याच मठातील जिरोलामो साव्होनारोला या जहाल उपदेशकाला १४९८ मध्ये फाशी देऊन जाळण्यात आले होते. पत्ते, आरसे, वाद्ये आणि चैनीच्या वस्तूंची होळी करायला लावणाऱ्या साव्होनारोला यांच्याविषयी फिलिप यांना जन्मभर आदर वाटला. ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. ज्याने पत्ते जाळले त्याला मानणारा माणूस पुढे तरुणांशी खेळ मांडून बसला. पण फ्लोरेन्स सुधारली पाहिजे ही साव्होनारोला यांची तळमळ त्यांनी उचलली आणि धाक मात्र तेथेच ठेवला, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून म्हणता येते.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मोंते कासिनोच्या पायथ्याशी असलेल्या सान जर्मानो या गावी पाठविण्यात आले. तेथे वडिलांचे चुलतभाऊ रोमोलो हे सधन व्यापारी होते. त्यांना मूलबाळ नव्हते. धंदा आणि मालमत्ता फिलिप यांच्याकडे जाईल, अशी घरात सर्वांची समजूत होती. थोड्याच काळात फिलिप यांनी हे सारे सोडले आणि ते जवळ काही न घेता रोमला चालते झाले.

रोम तेव्हा सावरत होते. १५२७ मध्ये सम्राटाच्या बेशिस्त सैन्याने शहर लुटले होते, त्याच्या खुणा अजून ताज्या होत्या. फ्लोरेन्सचेच एक गृहस्थ गालेओत्तो काच्चा यांच्या घरी फिलिप यांना माडीवर एक लहानशी खोली मिळाली. मोबदल्यात काच्चांच्या दोन मुलांना शिकवायचे, असे ठरले. खाटले, थोडी पुस्तके आणि कपडे टाकायला दोरी, एवढाच संसार. पाव, पाणी आणि चार ऑलिव्ह यांवर ते दिवस काढीत. काही वर्षे त्यांनी तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र यांचा अभ्यास केला. मग एके दिवशी पुस्तके विकून पैसे गरिबांना वाटून टाकले.

त्यानंतरची वर्षे बहुतांशी एकांतात गेली. आपिया रस्त्यावरील सान सेबास्तियानोच्या भुयारी दफनभूमीत ते रात्रीच्या रात्री एकटे ध्यान करीत. १५४४ मध्ये पेन्टेकॉस्टच्या सणाच्या आधी त्यांना तेथे एक अनुभव आला. अग्नीचा गोळा मुखावाटे हृदयात उतरला, असे त्यांनी त्याचे वर्णन पुढे जवळच्यांना केले. तेव्हापासून त्यांच्या छातीची धडधड इतकी तीव्र होत असे की जवळ बसलेल्या माणसालाही ती जाणवे. मृत्यूनंतर वैद्यांनी देह तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या दोन फासळ्या बाहेरच्या बाजूस उचललेल्या आणि हृदय मोठे झालेले आढळले. या घटनेचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एवढी उग्र साधना स्वतः केलेल्या या माणसाने ती दुसऱ्या कोणालाही करायला सांगितली नाही. कारकून, सोनार, शिंपी, दरबारी यांना भुयारात रात्र काढायला सांगितले तर ते एकदा येतील आणि पुन्हा फिरकणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

ते बोलके होते. पेढ्यांवर काम करणाऱ्या तरुणांशी ते वाटेतच गप्पा मारू लागत; बाजारातल्या थट्टामस्करीत सामील होत. बोलता बोलता चांगले काम कधी सुरू करायचे, असा साधाच प्रश्न टाकून त्यातल्या एखाद्याला रुग्णालयात सेवेसाठी घेऊन जात. पेर्सियानो रोझा या धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १५४८ मध्ये सामान्य गृहस्थांचे एक सेवामंडळ उभारले. १५५० च्या पवित्र वर्षात रोममध्ये यात्रेकरूंचे लोंढे आले तेव्हा या मंडळाने त्यांना निवारा, अन्न आणि आजाऱ्यांना शुश्रूषा पुरविली. रोझा यांच्याच आग्रहाने फिलिप यांनी धर्मगुरू होण्याचे मान्य केले. २३ मे १५५१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा ते छत्तिशीला आले होते. मग ते सान जिरोलामो देल्ला कारिता या चर्चच्या आवारात राहावयास गेले आणि तेथील एका खोलीत पुढील बत्तीस वर्षे राहिले.

या खोलीत दुपारी सात-आठ जण जमू लागले. बसायला जागा अपुरी; फिलिप स्वतः खाटेवर टेकून बसत. एखादे पुस्तक वाचायचे, वाचता वाचता कोणीतरी शंका काढायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, असा क्रम असे. भाषा लॅटिन नव्हे, तर रोजच्या बोलण्यातली इटालियन. बोलणारे पुष्कळदा धर्मगुरूही नसत, साधे गृहस्थच असत. खोली अपुरी पडू लागली तेव्हा चर्चच्या माथ्यावरील माळा मिळाला. त्याचे प्रार्थनागृह झाले आणि त्यालाच ऑरेटरी हे नाव पडले. बैठकीला स्वरूप आले तरी तिचा मोकळेपणा सुटला नाही. वाचन, मग अर्ध्या-अर्ध्या तासाची निरूपणे, मध्येमध्ये गायन. कोणी केव्हाही यावे, केव्हाही उठून जावे. हजेरी नाही, शपथ नाही, वर्गणी नाही.

बैठक संपली की खरी गंमत सुरू होई. सगळे मिळून बाहेर पडत. एखाद्या चर्चमध्ये सायंप्रार्थना, नंतर मोकळे मैदान किंवा द्राक्षमळा. तेथे पियास्त्रेल्ले हा खेळ रंगे. ठिकरीसारख्या चपट्या दगडी चकत्या दुरून फेकून खुणेच्या जास्तीत जास्त जवळ नेणे, एवढाच हा खेळ. चेंडूही असे. पहिली चकती बहुधा फिलिप टाकीत. थोडा वेळ स्वतः खेळत, हरजितीवरून होणाऱ्या भांडणांत मजेने भाग घेत. खेळ रंगात आला की ते हळूच बाजूला होत. जवळच्या एखाद्या उंचवट्यावर किंवा झाडाखाली बसत, खिशातून ख्रिस्ताच्या दुःखसहनाची प्रकरणे असलेले छोटे पुस्तक काढीत, दोन ओळी वाचून मिटवीत आणि ध्यानात बुडून जात. खेळणाऱ्यांना ते दिसत असत. कोणी त्यांच्याकडे पाहावे म्हणून ते तेथे बसत नसत, पण पाहणाऱ्यांवर परिणाम होई. थोड्या वेळापूर्वी आपल्याशी चकतीवरून वाद घालणारा माणूस क्षणात इतका शांत कसा होतो, हे त्या तरुणांना कुठल्याही प्रवचनापेक्षा अधिक कळत असावे.

संध्याकाळी पुन्हा प्रार्थनागृहात जमायचे. येथे थट्टा नाही, गाणे नाही. अर्धा तास मौन ध्यान, मग सामुदायिक प्रार्थना. आठवड्यातील ठरावीक दिवशी दिवे मंद करून स्वतःला फटके मारण्याची त्या काळची प्रायश्चित्ताची रीतही येथे पाळली जाई. सारा मामला हसण्याखेळण्याचा होता, असे समजणे म्हणूनच चूक ठरेल. दुपारपासून दिवसाची चढण हळूहळू या अर्ध्या तासाकडे येई. जो माणूस चार वाजता केवळ खेळासाठी आला, तो सातला सोबत्यांबरोबर आत बसे, कारण एकट्याने घरी जाणे त्याला जिवावर येई. सवय लागते ती अशी. नव्या साधकाने सुरुवातीलाच नेमांचे ओझे अंगावर घेऊ नये, थोडे करावे पण रोज करावे, हा फिलिप यांचा कटाक्ष असे. उत्साहाच्या भरात तासन्तास प्रार्थनेचा संकल्प सोडणाऱ्यांना ते आवरीत. ध्यानात मन लागत नाही, शुष्क वाटते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला ते ध्यान सोडू देत नसत आणि लांबवूही देत नसत.

प्रार्थनेइतकीच दुसरी एक गोष्ट ते लावून धरीत. ती म्हणजे रुग्णालये. ध्यानाला बसणाऱ्यांना ते आळीपाळीने रुग्णालयांत पाठवीत. खाटा लावणे, घाण काढणे, आजाऱ्याला भरविणे ही कामे उंची वस्त्रांतील दरबारी मंडळी करू लागली, तेव्हा रोमकरांना मोठा अचंबा वाटला.

सोबत्यांची संख्या वाढली ती कार्निव्हलच्या पदयात्रेमुळे. उपवासकाळापूर्वीच्या या दिवसांत रोममध्ये मुखवटे, घोड्यांच्या शर्यती आणि दंगामस्ती यांना ऊत येई. ज्यूंना जबरदस्तीने रस्त्यावर धावायला लावण्याचा क्रूर प्रकारही याच दिवसांत होत असे. फिलिप यांनी कार्निव्हलवर टीका करीत बसण्याऐवजी त्याच दिवसांत दुसरी जत्रा उभी केली. सेंट पीटर, सेंट पॉल, सान सेबास्तियानो, लॅटरन, सांता क्रोचे, सान लोरेन्झो आणि सांता मारिया माज्जोरे या सात चर्चची एका दिवसात पायी फेरी, सुमारे २० किलोमीटरांची. सात चर्चची यात्रा त्यांनी शोधून काढली नव्हती. ती जुनीच होती. पण एकट्या-दुकट्याने करायच्या या प्रायश्चित्ताला त्यांनी सहलीचे रूप दिले. वाटेत गाणी, एका चर्चपासून दुसऱ्यापर्यंत मौन मननाचे टप्पे, पुढे गायक-वादकांचा ताफा. दुपारी मात्तेई घराण्याच्या उद्यानात गवतावर पंगत बसे. पाव, थोडी द्राक्षमदिरा, अंडी, चीज, सलामी आणि फळ असा बेत असे. पहिल्या वर्षी मोजके लोक होते. पुढे ही संख्या हजारांच्या घरात गेली. पंढरीच्या वाटेवरच्या पालखीची सवय असलेल्या वाचकाला भजन, चालणे आणि पंगत यांचा हा मेळ अपरिचित वाटणार नाही.

संगीताची बाजू जोव्हान्नी आनिमुच्चा यांनी सांभाळली. ते सेंट पीटर चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते; पण ऑरेटरीसाठी त्यांनी सोप्या चालींची इटालियन स्तोत्रे रचली, ज्यांत कोणालाही सूर मिळविता येईल. त्यांचे संग्रह १५६३ आणि १५७० मध्ये छापले गेले. पाश्चात्त्य संगीतातील ऑरेटोरिओ या प्रकाराला हे नाव मिळाले ते फिलिप यांच्या या प्रार्थनागृहावरूनच.

एवढी गर्दी राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत न आली तरच नवल. पोप पॉल चौथे यांची कारकीर्द संशयाची होती. इन्क्विझिशनचे हात लांबले होते, निषिद्ध ग्रंथांची यादी निघाली होती, साव्होनारोला यांच्या लेखनाचीही चौकशी चालली होती. अशा वेळी एक धर्मगुरू गृहस्थांना जमवतो, त्यांना धर्मावर बोलू देतो, शेकडोंचा घोळका घेऊन शहराला वळसा घालतो, याचा अर्थ काय? १५५९ मध्ये रोमचे धर्मप्रांताधिकारी कार्डिनल रोझारिओ यांनी फिलिप यांना बोलावून खरडपट्टी काढली. महत्त्वाकांक्षा आणि पंथ काढण्याचा डाव, असे आरोप त्यांच्यावर ठेवले. पंधरा दिवस पापनिवेदन ऐकण्यास बंदी झाली. परवानगीशिवाय प्रवचन नाही, पदयात्रा नाही, घोळका तर नाहीच.

चाळीस वर्षांच्या कामातील हा सर्वांत नाजूक प्रसंग होय. खेळ, सहल, संगीत ही सारी सोबत एका आज्ञेने काढून घेतली गेली होती. फिलिप यांनी वाद घातला नाही. लोकांनी आपल्यामागे येऊ नये, असे त्यांनी सोबत्यांना स्वतःच बजावले. पण ते बाहेर पडले की ही मंडळी पुढच्या वळणावर आधीच उभी असत आणि योगायोगाने भेट झाल्यासारखे दाखवीत. यात बंड नव्हते. रोजची सवय माणसांना घरी बसू देत नव्हती, एवढेच. त्याच वर्षी मे महिन्यात कार्डिनल रोझारिओ अचानक मरण पावले, ऑगस्टमध्ये पोपही गेले आणि बंदी उठली. पुढे पायस पाचवे यांच्या काळात पुन्हा कुजबुज झाली. ऑरेटरीतील निरूपणे ऐकण्यासाठी डॉमिनिकन साधू गुपचूप पाठविण्यात आले. त्यांना आक्षेपार्ह काही आढळले नाही.

या बंदीच्या थोडे आधी, १५५७ च्या सुमारास, फिलिप यांच्या मनात हिंदुस्थानला जाण्याचे आले होते. फ्रान्सिस झेविअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वेकडून पाठविलेली पत्रे ऑरेटरीत वाचली जात. झेविअर १५५२ मध्ये निवर्तले होते आणि त्यांचा देह गोव्यात आणला गेला होता. ही पत्रे ऐकून फिलिप यांच्यासह सुमारे वीस जण निघण्याच्या तयारीला लागले. सल्ल्यासाठी ते त्रे फोंताने मठातील एका वृद्ध साधूकडे गेले. तुमचा हिंदुस्थान रोममध्येच आहे, असा त्या साधूने निर्णय दिला. फिलिप यांनी तो मुकाट्याने मानला आणि त्यानंतर रोम जवळजवळ सोडलेच नाही.

त्यांच्या शिष्यांमध्ये चेझारे बारोनियो हे सर्वांत नामांकित. कायद्याचा अभ्यास करण्यासाठी ते रोमला आले आणि या बैठकीत रमले. सुरुवातीला ते मृत्यू आणि नरक यांवर अंगावर काटा आणणारी निरूपणे करीत. फिलिप यांनी त्यांना हा विषय सोडून चर्चचा इतिहास सांगायला लावले. इतिहास संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असे तीस वर्षे चालले. त्यातून चर्चच्या इतिहासाचे बारा खंड तयार झाले. पहिला १५८८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा विद्वान शिष्य कित्येक वर्षे मंडळींचा स्वयंपाकही करीत असे आणि आपण येथील कायमचे आचारी आहोत, असे त्याने चुलीवरच्या भिंतीवर थट्टेने लिहून ठेवले होते.

याच बारोनियोंवर फिलिप यांचे विनोदी प्रयोगही सर्वाधिक झाले. भलामोठा बुधला घेऊन गुत्त्यावर जायचे, तो आधी धुवायला लावायचा, निरनिराळ्या मदिरा चाखून पाहायच्या, मग अगदी थोडीशी विकत घेऊन सोन्याचे नाणे पुढे करायचे आणि सुटे मागायचे. गुत्तेवाला काय म्हणाला असेल, याची कल्पना करता येते. लग्नाच्या मेजवानीत त्यांना पश्चात्तापाचे गंभीर स्तोत्र म्हणायला लावले, अशीही आठवण आहे. तारुजी या उमराव घराण्यातील शिष्याला कुत्रे उचलून भर रस्त्यातून फिरायला पाठविले. आगोस्तिनो मान्नी यांचे निरूपण फार छान झाले म्हणून तेच सहा वेळा पुन्हा करायला सांगितले. या बोवांना एकच प्रवचन येते, असे लोक म्हणू लागले.

हेही खेळच होते, पण त्यांत डाव शिष्याच्या अहंकाराचा असे. ध्यानाचा नेम काही वर्षे टिकला की साधकाला आपण इतरांहून वेगळे आहोत असे वाटू लागते आणि तेथेच नेम सडतो, अशी फिलिप यांची धारणा होती. त्यावर त्यांनी हसू हा उतारा शोधला. आजच्या वाचकाला यातील काही प्रकार खटकतील, आणि ते रास्तच आहे. चारचौघांत फजिती करणे प्रत्येकाला मानवतेच असे नाही. गुरूच्या हाती एवढी सत्ता असणे धोक्याचेही असते. फिलिप यांच्या बाजूने सांगता येण्यासारखी गोष्ट एकच, की त्यांनी स्वतःची फजिती शिष्यांपेक्षा अधिक केली. अर्धी दाढी कापून ते लोकांत हिंडले. कपडे उलटे घालून, पायांत पांढरे मोठे जोडे चढवून ते थोरामोठ्यांसमोर गेले. त्यांचे साधुत्व पाहायला पोलंडचे काही सरदार आले तेव्हा त्यांनी शिष्याला विनोदाचे पुस्तक मोठ्याने वाचायला सांगितले. पाहुणे निराश होऊन गेले आणि पुस्तक लगेच मिटले गेले.

विनोदाचे हे पुस्तक नेहमी त्यांच्या हाताशी असे, आणि त्याचे खरे कारण वेगळे होते. मिस्सा अर्पण करताना त्यांचे भान हरपे. विधी पुढे सरकतच नसे. म्हणून वेदीकडे जाण्यापूर्वी ते विनोदी चुटके वाचवून घेत, पाखरांशी किंवा कुत्र्याशी खेळत, मन मुद्दाम खाली आणीत. इतरांना ध्यानापर्यंत चढविण्यासाठी खेळ, आणि स्वतःला ध्यानातून उतरविण्यासाठीही खेळच. उतारवयात त्यांना खासगी प्रार्थनागृहात मिस्सा अर्पण करण्याची परवानगी मिळाली. तेव्हा ऐन विधीत मदतनीस मेणबत्त्या विझवून बाहेर पडे, शांतता राखण्याची पाटी दारावर लावी आणि दोन तासांनी परत येऊन उरलेला विधी पुरा करवी.

असा माणूस चाळीस वर्षे दार उघडे ठेवून राहिला. तरुण मुले त्यांच्या खोलीबाहेरच्या सज्जात चेंडू खेळत, ओरडत, भिंतींवर आपटत. इतर रहिवासी धर्मगुरू वैतागून तक्रार करीत. फिलिप मुलांना म्हणत, त्यांना बोलू द्या, तुम्ही खेळा. पोरे पाप करीत नसतील तर माझ्या पाठीवर लाकडे फोडली तरी चालेल, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे रोममध्ये प्रसिद्ध झाले. ज्याला शांततेची ओढ इतकी तीव्र होती, त्याने हा गोंगाट रोज दाराशी का चालू दिला असेल, हे समजले की फिलिप नेरी पुष्कळसे समजले.

१५ जुलै १५७५ रोजी पोप ग्रेगरी तेरावे यांनी ऑरेटरीच्या धर्मगुरूंच्या मंडळाला मान्यता दिली आणि सांता मारिया इन वाल्लिचेल्ला हे मोडकळीस आलेले चर्च त्यांच्या स्वाधीन केले. जुनी इमारत पाडून त्या जागी नवे प्रशस्त चर्च उभे राहिले. मंडळी तेथे राहायला गेली. फिलिप मात्र सान जिरोलामोची खोली सोडीनात. अखेर पोपच्या आज्ञेवरून नोव्हेंबर १५८३ मध्ये त्यांनी मुक्काम हलविला. तोही सरळपणे नव्हे. तवे, कढया, झारे अशी भांडी शिष्यांच्या हाती देऊन भर रस्त्यातून मिरवणूक काढली. मागे राहिलेल्या मांजरीला खाऊ घालण्यासाठी पुढे कित्येक दिवस कोणी ना कोणी जुन्या खोलीकडे जाई, आणि परतल्यावर फिलिप तिची बारकाईने खबर घेत.

मंडळाची रचनाही त्यांच्या स्वभावासारखीच सैल राहिली. सदस्यांना व्रते नाहीत. बंधन केवळ स्नेहाचे. प्रत्येक शहरातील ऑरेटरी स्वतंत्र. फिलिप यांनी स्वतः नियमावली लिहायची फारशी घाई केली नाही. ती त्यांच्या पश्चात १६१२ मध्ये मान्य झाली. १५९० मध्ये पोप ग्रेगरी चौदावे यांनी आपली लाल टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवून कार्डिनलपद देऊ केले. फिलिप यांनी ती थट्टा समजून हसण्यावारी नेली.

२५ मे १५९५ हा ख्रिस्तदेहाच्या सणाचा दिवस. जवळपास ऐंशी वर्षांच्या फिलिप यांनी त्या दिवशी मिस्सा अर्पण केली, पापनिवेदने ऐकली, भेटीस आलेल्यांशी नेहमीप्रमाणे गप्पा मारल्या. रात्री त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. मध्यरात्र उलटून गेल्यावर, २६ मे रोजी, शिष्य भोवती असताना त्यांचे निधन झाले. बारोनियोंनी सर्वांच्या वतीने आशीर्वाद मागितला तेव्हा बोलण्याची शक्ती उरली नव्हती. त्यांनी केवळ हात उचलला.

१२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद देण्यात आले. त्याच समारंभात इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेविअर, आविलाच्या तेरेसा आणि शेतकरी इसिद्रो हे चौघे स्पॅनिशही संत घोषित झाले. पोपने आज चार स्पॅनिश आणि एक संत जाहीर केला, असा चुटका रोमकरांनी लगेच प्रचारात आणला. फिलिप यांना तो आवडला असता. दीडशेहून अधिक वर्षांनी इटलीचा प्रवास करणाऱ्या जर्मन कवी ग्योथे यांनाही या विनोदी संताचे कुतूहल वाटले आणि त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्यावर सविस्तर लिहिले.

जो हिंदुस्थान त्यांनी पाहिला नाही, तेथे त्यांचा नियम मात्र पोहोचला. गोव्यातील युरोपीय धर्मसंघ स्थानिक धर्मगुरूंना सहसा प्रवेश देत नसत. अशा काही गोमंतकीय धर्मगुरूंनी जुन्या गोव्यातील सांता क्रूझ दोस मिलाग्रेस या टेकडीवरील चर्चमध्ये एकत्र राहावयास सुरुवात केली होती. १६८५ मध्ये बाणावलीचे जोसेफ वाझ त्यांना येऊन मिळाले आणि प्रमुख झाले. व्रतांविना एकत्र राहण्याची मुभा देणारा फिलिप नेरी यांचा नियम त्यांनी स्वीकारला. वाझ पुढे वेषांतर करून डचांच्या ताब्यातील सिलोनमध्ये गेले आणि १७११ मध्ये कँडी येथे निवर्तले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले. पोर्तुगीज सरकारने १८३० च्या दशकात धर्मसंघ बंद केले, तेव्हा गोव्यातील ही ऑरेटरीही संपुष्टात आली. जुन्या गोव्यातील त्या टेकडीवर आता चर्चचे भग्नावशेष उभे आहेत.